मताची प्रतबंदी

बारामतीहून भवानीनगर, सणसर, लासुर्णे, निमगाव केतकी असा मार्ग धरून इंदापूरला जाणाऱ्या प्रवाशास दोन्ही हातांना ऊस, केळी, डाळिंबाच्या बागा आणि निमगावचे पानमळे दिसतात. परंतु महसुलाच्या इतिहासात इंदापूरचे नाव ज्या कारणाने कायमचे नोंदले गेले, ते कारण या रस्त्यावरून दिसत नाही, कारण ते जमिनीत नसून जमिनीच्या कागदात आहे. मुंबई इलाख्यातील रयतवारी जमाबंदीची जी पद्धत पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ चालली, तिचा पहिला प्रयोग १८३५-३६ साली याच इंदापूर तालुक्यात झाला. असमान वस्तूंना एका न्याय्य मापाने कसे मोजावे, हा त्या प्रयोगाचा विषय होता. राज्यांच्या, तालुक्यांच्या आणि गावांच्या मतांचे वजन ठरविण्याच्या ज्या वादाने आज विधिमंडळे आणि वृत्तपत्रे भरून जातात, तो वाद माझ्या समजुतीप्रमाणे त्याच मोजणीचा धाकटा भाऊ आहे. म्हणून आरंभ इंदापुरापासून करतो.

गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोन अधिकारी इंदापुरात येण्यापूर्वी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्याची एक मोजणी केलेली होती. प्रिंगल हा शास्त्रशुद्ध बुद्धीचा गृहस्थ. शेताचे उत्पन्न किती, मशागतीचा खर्च किती, वजा जाता निव्वळ शिल्लक किती, आणि त्या शिलकेच्या शेकडा ५५ सरकारचा सारा, असे त्याचे गणित होते. गणितात खोट नव्हती. खोट होती ती गणितात घातलेल्या आकड्यांत, आणि त्याचा परिणाम असा झाला की सारा झेपेना म्हणून कुणबी जमिनी टाकून जाऊ लागले. गोल्डस्मिड-विंगेट यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला आणि मातीचा रंग, पोत व खोली पाहून शेताची प्रत लावली. या प्रतबंदीचे जे नियम पुढे कायम झाले, त्यांत नऊ प्रती धरल्या होत्या. उत्तम काळी जमीन सोळा आणे आणि तेथून उतरत उतरत अगदी हलकी मुरमाड जमीन दोन आणे. मोजणी, प्रतबंदी आणि आकारबंद या तीन पायऱ्यांनंतर ठरलेला आकार तीस वर्षे बदलावयाचा नाही, असे रयतेस अभय देण्यात आले. या तीस वर्षांच्या मुदतीकडे मला पुढे पुन्हा यावयाचे आहे.

आता मतांकडे वळू. माणसे समान मानली आणि प्रत्येकास एक मत दिले की प्रश्न मिटतो. जेथे मत देणारा माणूस नसून माणसांचा समुदाय असतो, म्हणजे गाव, तालुका, संस्था किंवा राज्य असते, आणि ते समुदाय लहानमोठे असतात, तेथे मात्र समानता कोणाची, समुदायांची की त्यांतील माणसांची, हे आधी ठरवावे लागते. आणि एकाची समानता राखावी तर दुसऱ्याची मोडते, अशी ही अडचण आहे. ती समजण्यासाठी दिल्लीस जाण्याचे कारण नाही. पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या संचालक मंडळावर विकास सोसायट्यांच्या, म्हणजे ‘अ’ वर्गाच्या, मतदारसंघातून तालुक्यास एक याप्रमाणे प्रतिनिधी जातात. २०११ च्या शिरगणतीत बारामती तालुक्याची लोकसंख्या सव्वाचार लाखांच्या पुढे आणि इंदापूरची पावणेचार लाखांच्या पुढे होती. वेल्हे तालुक्याची मात्र जेमतेम ५४ हजार. तरीही बँकेच्या ‘अ’ वर्गात वेल्ह्याचा एक आणि बारामतीचा एक. शिवाय त्या एका प्रतिनिधीस निवडून देताना हजार सभासदांच्या सोसायटीचे मत एक आणि शंभर सभासदांच्या सोसायटीचेही मत एकच. यास कोणी अन्याय म्हणेल. पण डोंगरातील छोट्या तालुक्याचे म्हणणे ऐकून घेणारे कोणी मंडळावर असावे, या हेतूने कोणी यासच इनसाफ म्हणेल, आणि दोघांचेही म्हणणे टाकाऊ नाही.

याच मुलखातील साखर कारखान्यांत उलट तत्त्व पाहावयास मिळते. सहकाराच्या कायद्याने सभासदास मत एक. अर्ध्या एकरात ऊस लावणाऱ्याचे आणि पन्नास एकरांच्या बागायतदाराचे मत सारख्याच मोलाचे. परंतु त्याच मंडळात एक खिडकी वेगळी ठेवलेली असते. संस्था सभासदांचा ‘ब’ वर्ग म्हणून एक मतदारसंघ असतो आणि तेथे माणसे नव्हे, तर संस्थांचे प्रतिनिधी मत देतात. जून २०२५ मध्ये बारामती तालुक्यातील माळेगाव सहकारी साखर कारखान्याची जी निवडणूक झाली, तीत ऊसउत्पादक सभासद एकोणीस हजारांहून अधिक होते आणि ‘ब’ वर्गाचे मतदार होते शंभराच्या जवळपास. हजारोंच्या मतांनी आलेला संचालक आणि शंभरांच्या मतांनी आलेला संचालक एकाच टेबलाशी बसतात आणि ठराव मांडला की दोघांचे हात सारखेच वर जातात. मंडळाच्या इतिवृत्तात तो फरक उमटत नाही.

लहानमोठ्या घटकांच्या मतांस उघडउघड निरनिराळे वजन देण्याचे भारतातील सर्वांत स्वच्छ उदाहरण राष्ट्रपतींच्या निवडणुकीचे आहे. संविधानाच्या ५५ व्या अनुच्छेदात त्याचे गणित दिले आहे आणि ते इतके सोपे आहे की सातवीच्या विद्यार्थ्यास करता यावे. राज्याची लोकसंख्या घ्यावी, तिला विधानसभेच्या निवडून आलेल्या सदस्यांच्या संख्येने भागावे, आलेल्या भागाकारात जितके हजार तितकी मते एका आमदाराची. बाकी पाचशे किंवा त्याहून अधिक उरली तर एक मत वाढवावे. महाराष्ट्राची लोकसंख्या धरलेली आहे ५,०४,१२,२३५ आणि आमदार २८८. भागाकार येतो १,७५,०४२. म्हणून बारामतीच्या आमदाराच्या मताचे मूल्य १७५, इंदापूरच्या आमदाराच्याही मताचे १७५. उत्तर प्रदेशच्या आमदाराचे २०८, गोव्याच्या आमदाराचे २०, सिक्कीमच्या आमदाराचे अवघे ७. सर्व राज्यांच्या आमदारांच्या मतांची बेरीज करून तिला संसदेच्या निवडून आलेल्या सदस्यांच्या संख्येने भागले की खासदाराच्या मताचे मूल्य निघते, आणि त्यामुळे राज्ये एका पारड्यात व संसद दुसऱ्या पारड्यात अशी तराजू सम राहते. २०२२ साली ते मूल्य ७०० आले. म्हणजे बारामतीच्या खासदाराचे एक मत महाराष्ट्राच्या बरोबर चार आमदारांच्या मतांइतके भरले. हा योगायोगच, पण लक्षात राहण्याजोगा.

येथवर वाचकास वाटले असेल की लोकसंख्येच्या प्रमाणात वजन दिले की न्याय झाला. तसे असते तर या विषयावर गणितज्ञांनी एवढी शाई खर्ची घातली नसती. वजन ही एक गोष्ट आणि त्या वजनाने प्राप्त होणारी सत्ता ही निराळी गोष्ट, हे आपल्याकडील कोणत्याही सामाईक विहिरीवर समजते. तीन भावांचा एका विहिरीत सात आणे, सात आणे आणि दोन आणे असा हिस्सा आहे असे धरा, आणि मोटार बदलावयाची किंवा विहीर खोल करावयाची तर निम्म्याहून अधिक, म्हणजे नऊ आण्यांची संमती पाहिजे असा करार आहे. दोघे सात-सातवाले एकत्र आले तर चौदा होतात, आणि कोणताही एक सातवाला व दोनवाला एकत्र आले तरी नऊ होतात. तेव्हा कोणतेही दोघे मिळाले की काम होते, आणि दोन आणेवाला धाकटा निर्णयात थोरल्यांच्या अगदी बरोबरीचा ठरतो. आता हिस्से आठ, सात आणि एक असे करा. सातवाल्यास वाटेल की आपण एकवाल्याच्या सातपट. पण सात आणि एक मिळून आठच होतात, आठवाल्यावाचून काहीच मंजूर होत नाही, आणि आठवाल्यास सातवाला मिळाला काय किंवा एकवाला मिळाला काय, सारखेच. सात आणे आणि एक आणा यांची सत्ता येथे समसमान झाली. हिस्सा नऊ, पाच व दोन असा असेल तर बाकीच्या दोघांनी विहिरीवर येऊच नये. त्यांच्या सात आण्यांचा उपयोग पाणी घेण्यापुरता, मत देण्यापुरता नव्हे.

हा विनोद युरोपातील सहा राष्ट्रांनी गांभीर्याने करून दाखविला आहे. १९५८ साली त्यांच्या आर्थिक समुदायाच्या मंत्रिपरिषदेत जर्मनी, फ्रान्स व इटली यांस प्रत्येकी चार मते, बेल्जियम व नेदरलँड्स यांस दोन-दोन आणि चिमुकल्या लक्झेंबर्गला एक, अशी सतरा मते वाटण्यात आली. आयोगाचा प्रस्ताव मंजूर होण्यास बारा मते लागत. लक्झेंबर्गच्या लोकसंख्येच्या मानाने एक मत ही उदार देणगी होती. परंतु इतर पाचांची मते सम संख्येची आणि बाराही सम. त्यामुळे इतरांची बेरीज अकरा होऊन लक्झेंबर्गच्या एका मताने बारा भरण्याची वेळ येणेच शक्य नव्हते. पंधरा वर्षे त्या मतास अशा ठरावांत किंमत शून्य होती. १९७३ मध्ये तीन नवी राष्ट्रे आली, एकूण मते अठ्ठावन्न झाली, लक्झेंबर्गला दोन मिळाली आणि मंजुरीस एक्केचाळीस लागू लागली. म्हणजे सतरांत एक हा वाटा एकोणतिसांत एक इतका घटला, आणि तो घटताच लक्झेंबर्गच्या मतास प्रथमच अर्थ आला, कारण चार मोठ्यांच्या चाळीस मतांना आता त्याच्या दोनांनी तारता येत होते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील नासाऊ काउंटीच्या मंडळातही असेच घडले होते. तेथे एकशे पंधरापैकी एकवीस मते असलेला एक विभाग कोणत्याही मतदानाचा निकाल फिरवू शकत नव्हता, हे जॉन बॅन्झाफ या कायदेपंडिताने १९६५ साली दाखवून दिले.

तर मग लहानमोठ्यांस न्याय देणारे माप कोणते? १९४६ साली लायोनेल पेनरोज या ब्रिटिश शास्त्रज्ञाने एक अनपेक्षित उत्तर दिले: वजन लोकसंख्येच्या प्रमाणात नव्हे, लोकसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात द्यावे. त्यामागचा विचार असा की शंभर मतदारांच्या गावात एखाद्याच्या मताने निकाल फिरण्याचा जो संभव असतो, तो दहा हजारांच्या गावात शंभरपटीने नव्हे, तर केवळ दहापटीने कमी होतो. म्हणून दोन्ही गावांतील माणसांची सत्ता समान करावयाची तर मोठ्या गावाच्या प्रतिनिधीस दहापट जोर पुरे. या हिशेबाने बारामती तालुका वेल्ह्याच्या आठपट असला तरी त्याचे वजन पावणेतीनपटीच्या आसपास भरेल. पोलंडच्या दोन शास्त्रज्ञांनी २००४ साली याच तत्त्वावर युरोपीय संघासाठी योजना मांडली, आणि २००७ मध्ये ‘वर्गमूळ किंवा मरण’ अशी घोषणा पोलंडच्या राजकारणात निनादली. गणिताच्या इतिहासात वर्गमुळावर प्राण ओवाळून टाकण्याचा हा बहुधा एकमेव प्रसंग असावा. संघाने अखेर दुहेरी बहुमत पत्करले: राष्ट्रांपैकी शेकडा ५५ आणि लोकसंख्येपैकी शेकडा ६५, दोन्ही जुळली तर ठराव मंजूर. मला स्वतःला वर्गमुळाचे सौंदर्य मान्य आहे, पण त्याचे गृहीतक आपल्याकडे टिकत नाही. प्रत्येक मतदार नाणेफेक केल्यासारखा स्वतंत्र मत देतो, असे पेनरोज धरून चालतो. ज्याने सोसायटीच्या निवडणुकीत एक अख्खी भावकी एका टेम्पोतून उतरताना पाहिली आहे, त्यास हे गृहीतक ऐकून हसू येईल. गट एकमुखाने मत देत असेल तर हजार माणसे म्हणजे एक मतदार, आणि वर्गमूळ काढावयास खाली काही उरत नाही.

आता त्या तीस वर्षांच्या मुदतीकडे येतो. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटी चार लाख धरली आहे हे वाचून चाणाक्ष वाचक थबकला असेल. ही १९७१ ची शिरगणती होय. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजनाचे काम मनावर घेतले, त्यांस जागा घटण्याची शिक्षा होऊ नये, या हेतूने १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्याराज्यांतील लोकसभेच्या जागांची वाटणी आणि राष्ट्रपतींच्या निवडणुकीतील मतमूल्य ही दोन्ही १९७१ च्या आकड्यांवर गोठविली. मुदत २००१ च्या शिरगणतीपर्यंत होती, ती ८४ व्या दुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या शिरगणतीपर्यंत वाढविण्यात आली. हेतू न्याय्य होता. पण गोठविलेले माप वयात येत नाही, माणसे येतात. तमिळनाडूच्या आमदाराच्या मताचे मूल्य १७६ आहे, आपल्या आमदाराहून एकाने अधिक. २०११ ची शिरगणती धरून तेच गणित केले तर तमिळनाडूचे ३०८ येते आणि महाराष्ट्राचे ३९०. केरळचे १५२ वरून २३९ होते, उत्तर प्रदेशचे २०८ वरून ४९६. लोकसभेत केरळच्या एका खासदारामागे २०११ मध्ये सुमारे १६ लाख ७० हजार माणसे होती आणि राजस्थानच्या एका खासदारामागे २७ लाखांवर. सध्याच्या ५४३ जागा २०११ च्या प्रमाणात पुन्हा वाटल्या तर केरळच्या २० च्या १५ होतील, तमिळनाडूच्या ३९ च्या ३२, उत्तर प्रदेशच्या ८० च्या ९० च्या घरात जातील. महाराष्ट्राच्या ४८ च्या ५० होतील. आपले राज्य या भांडणात जवळजवळ मध्यावर उभे आहे, आणि कदाचित त्यामुळेच मराठी वृत्तपत्रांत या प्रश्नाची धग चेन्नईइतकी जाणवत नाही.

इंदापुरातील जमाबंदीही अशीच गोठविलेली होती. १८३६ चा आकार तीस वर्षे स्थिर राहिला. त्या काळात लागवड वाढली, पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे आणि त्याबरोबर इतर मालाचे भाव चढले. मुदत संपली तेव्हा, म्हणजे १८६७ च्या सुमारास, सरकारने चढत्या भावांकडे पाहून इंदापूरची फेरजमाबंदी केली आणि तालुक्याचा एकूण सारा सुमारे दीडपट केला. नवे माप चुकीचे होते असे म्हणता येत नाही, कारण जुने माप खरोखरच कालबाह्य झाले होते. परंतु तीस वर्षांचा साचलेला फरक एकाच वर्षी रयतेच्या डोक्यावर आला, आणि पाठोपाठ भाव उतरले. सारा भरण्यासाठी कुणबी सावकाराच्या ओट्यावर अधिकच जाऊ लागले. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे, जे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते आणि आज बारामती तालुक्यात आहे, बाजाराच्या दिवशी सावकारांचे कागद जाळण्यास आरंभ झाला आणि दख्खनच्या दंग्यांस तोंड लागले. दंग्यांची कारणे अनेक आणि वाढीव साऱ्याचा त्यांतील वाटा किती याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत; तो वाद येथे सोडवावयाचा नाही.

मला महत्त्वाचे वाटते ते याच्या आदल्या वर्षीचे. १८७४ साली मुंबई सरकारने ठरविले की फेरजमाबंदीत एका तालुक्याचा एकूण सारा शेकडा ३३ हून, एका गावाचा शेकडा ६६ हून आणि एका खातेदाराचा शेकडा १०० हून अधिक वाढवावयाचा नाही. म्हणजे माप नवेच लावावे, पण ते एकदम संपूर्ण उतरवू नये. आणि समुदाय जितका मोठा तितकी वाढीची मर्यादा कमी, कारण मोठ्या समुदायाचा धक्का दूरवर पोहोचतो. लोकसभेच्या फेरवाटपाविषयी आज ज्या योजना सुचविल्या जातात, कोणी जागा वाढवा म्हणतो, कोणी मुदत पुन्हा वाढवा म्हणतो, त्यांत या जुन्या दफ्तरातील शहाणपण मला क्वचितच आढळते. मुदत वाढविणे म्हणजे साचलेला फरक आणखी साचू देणे. एका फेरीत कोणत्याही राज्याचा वाटा अमुक टक्क्यांपलीकडे हलणार नाही, पण प्रत्येक शिरगणतीस थोडा हलेलच, असा नियम सर्वांनी आधी कबूल केला, तर केरळच्या माणसासही आपली पाच जागांची तूट एका रात्रीत पाहावी लागणार नाही आणि राजस्थानच्या माणसासही दर पंचवीस वर्षांनी नवी तारीख ऐकावी लागणार नाही.

राज्याच्या आतदेखील हे माप झपाट्याने झिजते. विधानसभेच्या मतदारसंघांच्या सीमा २००१ च्या शिरगणतीवरून आखल्या आणि त्या २००८ पासून अमलात आल्या. बारामती लोकसभा मतदारसंघात दौंड, इंदापूर, बारामती, पुरंदर, भोर आणि खडकवासला असे सहा विधानसभा मतदारसंघ आहेत. २०२४ मध्ये इंदापुरात मतदार सव्वातीन लाखांच्या आसपास होते. पुणे शहर ज्याच्या अंगावर वाढत गेले त्या खडकवासल्यात पाच लाखांच्या पुढे. दोन्हीकडे आमदार एक आणि राष्ट्रपतींच्या निवडणुकीत दोघांचे मूल्य १७५. इंदापूरच्या मतदाराचे वजन खडकवासल्याच्या मतदाराहून दीडपटीने अधिक आहे ही गोष्ट इंदापुरात कोणी बोलून दाखवीत नाही, आणि खडकवासल्यात कोणाच्या ध्यानात नसावी.

राष्ट्रपतींच्या निवडणुकीत खासदारास हिरवी आणि आमदारास गुलाबी मतपत्रिका मिळते. मुंबईच्या विधानभवनात इंदापूरचा आमदार आपली गुलाबी पत्रिका पेटीत टाकतो, तेव्हा दिल्लीत मोजणीच्या टेबलावर तिचा गुणाकार ज्या १७५ ने होतो, त्यात १९७१ साली भीमेच्या काठी जुन्या पळसदेवात राहणारी माणसे मोजलेली आहेत. उजनीचे धरण तेव्हा बांधून व्हावयाचे होते. ते गाव पुढे पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात जलाशय उतरला की त्याच्या देवळाचे शिखर वर येते आणि इंदापूरकडची माणसे होडीने ते पाहावयास जातात.